नागपूरच्या एका कॅन्सर रुग्णालयाने एआय सल्लागार समितीवर बोलावलंय. मी निवृत्त शिक्षिका, कॉम्प्युटरचं फारसं कळत नाही. हो म्हणू का?

बिनधास्त हो म्हणा. डॉक्टर-इंजिनिअर नसलेला माणूस अशा समितीत हवाच असतो. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, हिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाच्या नैतिकता समितीतही सामान्य नागरिक लागतो, आणि २०२३ मध्ये त्यांनी आरोग्यातल्या एआयसाठी वेगळी तत्त्वं काढलीत. तेवढी चाळून जा. पहिल्याच बैठकीत विचारा, तोंडाचा कॅन्सर ओळखणारं एआय सॉफ्टवेअर असेल, तर ते कुणाच्या तोंडाचे फोटो बघून शिकलं? आपल्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्या अनेकांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, गाल आतून पांढरट, ताठर झालेले असतात. तसे फोटो त्यात नसतील तर इथल्या पेशंटमध्ये ते चुकू शकतं. (पेशंटचं संमतीपत्र मराठीत आहे का, हेही बघाच.) फक्त एक, सल्लागार समिती शिफारस करते, पेशंटवरच्या संशोधनाला मंजुरी नैतिकता समितीच देते.