टेकडीवर झाडं लावायच्या आधी

प्रश्न: आमचा पंधरा-वीस जणांचा ग्रुप दर रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर श्रमदानाला जातो. तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि घाणेरी (लँटाना) ही परदेशी झाडंझुडपं नुसती माजलीयेत. या पावसाळ्यात ती साफ करून वड, पिंपळ, कडुनिंब लावायचा प्लॅन आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: तुमच्यासारखे लोक दर रविवारी टेकडीवर चढतात म्हणून फार बरं वाटतं, पण रोपं आणायची घाई करू नका. आधी वनखात्याच्या आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) ऑफिसात जाऊन लेखी परवानगी घ्या, त्यांच्या जमिनीवर परस्पर झाड तोडणं हा गुन्हा आहे, मग ते झाड परदेशी का असेना.

सुरुवात घाणेरीपासून करा. ती वरून छाटली की बुंध्यातून दुप्पट फुटते, म्हणून दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंची पद्धत वापरा: कुदळीने जमिनीखाली एक-दोन इंचांवर मुख्य मूळ तोडायचं, अख्खं झुडूप उचलायचं आणि मुळं वर करून उलटं ठेवायचं म्हणजे ते परत रुजत नाही. हे फळं धरायच्या आत करा, कारण बुलबुल ती फळं खाऊन बिया टाकत फिरतात, आणि त्यामुळेच पुढची दोन-तीन वर्षं त्याच जागी परत परत जाऊन कोवळी रोपं उपटावी लागतात, हे काम कंटाळवाणं आहे पण खरं काम हेच.

गिरिपुष्प मात्र एकदम साफ करू नका. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं, निकस जमिनीत झटपट वाढतं म्हणून आपल्याकडे लावलं गेलं. पावसाळ्यात त्याच्या खाली वाकून बघा, मेडशिंगी, बहावा, मोई यांची रोपं आपोआप आलेली दिसतील. या रोपांवर आलेल्या गिरिपुष्पाच्या फांद्या तेवढ्या काढा, ऊन मिळालं की ती वाढतात. तोडलेल्या फांद्या ओल्या मातीत टाकू नका हं, त्याही रुजतात!

आता वड-पिंपळ. ते टेकडीवर नकोत. टेकडीवर मुरूम आणि कातळ, माती जेमतेम, तिथली झाडं म्हणजे सालई, गणेर, पांगारा, हेकळ, बारतोंडी. बिया याच टेकडीवरून जमवा (परवानगी घेताना हेही विचारून घ्या), पांगारा आणि मोई तर फांदी लावूनही येतात. कडुनिंब सोसायटीत लावा.

आणि एक कळकळीची विनंती, मोकळं गवत दिसलं की तिथे खड्डे घेऊ नका. ते माळरान ओसाड नसतं हो, टिटवी आणि चंडोल तिथेच जमिनीवर अंडी घालतात, पावसात जमिनीतल्या कंदांमधून फुलं येतात. तिथे झाड लावणं म्हणजे नुकसानच.

रोपं कमीच लावा, पण प्रत्येकाला पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार ते नावानिशी ठरवून मगच खड्डा घ्या. जूनमध्ये फोटोला गर्दी होते, एप्रिलमध्ये कॅन घेऊन वर चढणारे किती आहेत ते ग्रुपवर आत्ताच विचारा.