पुरलेला अणुकचरा समजून घ्यायचाय? आधी पाण्याकडं बघ

प्रदर्शनाच्या प्रोजेक्टला हा विषय घेतलास, झकास. पण किरणोत्साराच्या गणितात लगेच घुसू नकोस. पुरलेला कचरा जागचा हलतो तो मुख्यतः पाण्यामुळं, म्हणून सुरुवात पाण्यापासून कर.

खानापूर रस्त्याकडेचा एखादा फुटलेला काळा दगड बघ. बाहेर तांबूस साल, आत काळाभोर. पाणी आणि ऑक्सिजन जिथवर पोचले तिथवर लोह गंजलं. आपला जांभा असाच तयार झाला. गंजलेलं लोह पाण्यात विरघळत नाही, जागेवर बसतं. युरेनियमचं नेमकं उलटं: ऑक्सिजन मिळाला की ते विरघळायला लागतं, नाही मिळाला तर जवळजवळ ढिम्म. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं की रे!

नवीन पोरं हमखास चुकतात ते इथं:

- पिंपातून गळणारं हिरवं पाणी रंगवतात. वापरलेलं इंधन घन असतं, आणि पुनर्प्रक्रियेतून (वापरलेल्या इंधनातलं कामाचं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढण्यातून) उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा आपल्याकडं बोरोसिलिकेट काचेत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रासारख्या टिकाऊ काचेत, बंद करतात.
- सगळी मूलद्रव्यं एकाच वेगानं पळवतात. सीझियम चिकणमातीला धरून बसतं. आयोडीन-129 पाण्याबरोबर सहज निघून जातं.
- खडकाचा कठीणपणा बघतात, भेगा विसरतात.

चार्टवर ओन्कालो, म्हणजे फिनलंडमधली वापरलेलं इंधन पुरायची जागा, काढ: 400 मीटरहून खोल, तांब्याचा डबा, भोवती पाण्यानं फुगणारी बेंटोनाइट माती. जागा उरली तर गॅबनमधलं ओक्लो, 1972 साली सापडलेली निसर्गाचीच जुनी अणुभट्टी. कार्बोनेट, पीएच वगैरे पुढं बघू. आत्ताच डोक्याला ताप नको.