रोज खांद्यावरून न्यायचा लॅपटॉप किती इंची घ्यावा? : वाचकांचे प्रश्न

लॅपटॉपचा वेग, स्मृती आणि किंमत यांविषयी या सदराकडे नेहमीच विचारणा होते. या वेळी मात्र बऱ्याच वाचकांनी केवळ स्क्रीनच्या आकाराविषयी विचारले आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील अडचण रोज प्रवास करून नोकरी करणाऱ्या पुष्कळांची आहे.

प्रश्न : मी डोंबिवलीहून रोज लोकलने फोर्टमधील कार्यालयात जाते. इंग्रजी अहवालांचा मराठी अनुवाद करणे आणि दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहणे हे माझे मुख्य काम आहे. सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची असून त्याचे वजन जवळजवळ २ किलो आहे. खांदा दुखू लागल्यामुळे आता १३ किंवा १४ इंची घ्यावा असे वाटते. परंतु माझे वय ४७ आहे, चाळिशी लागली आहे, आणि लहान स्क्रीनवर मराठी अक्षरे नीट दिसतील की नाही याची धास्ती वाटते. कार्यालयात वेगळा मॉनिटर नाही.
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे. मात्र अक्षरे बारीक होणे आणि स्क्रीनवर मजकूर कमी मावणे हे दोन वेगळे तोटे आहेत. त्यांपैकी पहिला पूर्णपणे टाळता येतो. दुसरा थोडाफार सोसावाच लागतो.

जाहिरातीतला इंचांचा आकडा हे स्क्रीनच्या कर्णाचे माप असते, आणि कर्णावरून स्क्रीन किती उंच आहे ते कळत नाही. आपल्या सध्याच्या लॅपटॉपच्या स्क्रीनची रुंदी आणि उंची १६ : ९ या प्रमाणात असावी, कारण १५.६ इंची लॅपटॉप बहुतेक त्याच प्रमाणाचे असतात. त्याची स्क्रीन सुमारे ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच भरते. त्याच प्रमाणाची १४ इंची स्क्रीन १७.४ सेंटिमीटरच उंच असते, म्हणजे उंचीत पूर्ण २ सेंटिमीटरांची घट होते. परंतु अलीकडे १४ इंची लॅपटॉप १६ : १० या प्रमाणातही सर्रास मिळतात, आणि त्यांची स्क्रीन १८.८ सेंटिमीटर उंच असते. म्हणजे दीड इंचाने लहान लॅपटॉप घेऊनही उंचीत आपण जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे अधिक गमावता. देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी ही उंची विशेष मोलाची आहे, कारण वर वेलांटी, मात्रा आणि रफार, तर खाली उकार यांना जागा द्यावी लागत असल्याने मराठीच्या ओळी इंग्रजीपेक्षा उंच होतात आणि तेवढ्याच उंचीत कमी मावतात.

आता अक्षरांच्या आकाराकडे वळू. विंडोजमध्ये स्केलिंग नावाची सोय असते आणि तिने स्क्रीनवरील सगळेच ठरावीक टक्क्यांनी मोठे करता येते. आपल्या आताच्या स्क्रीनवर १९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे ठिपके, असतील आणि स्केलिंग १२५ टक्के असेल, तर १९२० बाय १२०० पिक्सेलच्या १४ इंची स्क्रीनवर ते १५० टक्के केल्यास अक्षर आतापेक्षा लहान तर होत नाहीच, उलट किंचित मोठे दिसते. शिवाय त्या स्क्रीनवर पिक्सेल अधिक दाट असल्याने जोडाक्षरे स्वच्छ उमटतात. मुद्रिते तपासताना ‘द्ध’च्या जागी ‘ध्द’ पडला आहे का, किंवा ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांची अदलाबदल झाली आहे का, हे डोळे न ताणता दिसणे किती आवश्यक असते ते आपण जाणताच.

या मोठ्या अक्षरांचे मोल रुंदीत चुकवावे लागते. वरच्या हिशेबाने उंचीत आपल्याला आतापेक्षा सुमारे ७ टक्के, तर रुंदीत सुमारे १७ टक्के मजकूर कमी दिसेल. एकच दस्तऐवज उघडून लिहिताना हे फारसे जाणवणार नाही. इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी ठेवल्यावर मात्र निश्चित जाणवेल, आणि आपले काम नेमके तेच आहे. म्हणूनच १३ इंची लॅपटॉपचा विचार आपण सोडून द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. १६ : ९ प्रमाणाच्या १३.३ इंची स्क्रीनची उंची अवघी १६.६ सेंटिमीटर असते, आणि तिच्यावर दिवसभर दोन मजकूर ताडून पाहणे ही डोळ्यांना शिक्षा होईल.

तेव्हा आपण १६ : १० प्रमाणाचा १४ इंची लॅपटॉप घ्यावा, आणि जेथे आपले अधिक तास जातात तेथे २४ इंची मॉनिटर ठेवावा. कार्यालयाकडे तो लेखी मागावा, कारण ताडून पाहण्याचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला दुसरी स्क्रीन मिळणे ही काही चैन नव्हे. तो तेथे मिळाला नाही आणि आपण घरूनही काम करत असाल, तर घरी घ्यावा. लॅपटॉपला एचडीएमआय जोडणी असेल तर त्या केबलने तो सहज जोडता येतो. टाइप-सी केबलने जोडायचा असेल, तर आपल्या लॅपटॉपच्या टाइप-सी जोडणीतून चित्र बाहेर जाते का, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे, कारण प्रत्येक टाइप-सी जोडणीत ती सोय नसते.

वजनाविषयी एक गोष्ट आधी करून पाहावी. आपल्या सॅकमध्ये लॅपटॉपबरोबर चार्जर, डबा आणि पाण्याची बाटली असणार. एक लिटरची बाटली भरली की तीच एक किलोची होते. कार्यालयात ठेवण्यासाठी दुसरा चार्जर घेतला आणि बाटली तेथे पोहोचल्यावर भरली, तर लॅपटॉप न बदलताही खांद्यावरचा सव्वा किलोच्या आसपास भार उतरतो. नवा १४ इंची लॅपटॉप साधारण १.३ ते १.६ किलोचा मिळेल, म्हणजे त्यामुळे आणखी अर्धा किलो कमी होईल. मी स्वतः अनेक वर्षे जड लॅपटॉप वागवला आणि चार्जर घरी-कार्यालयात वेगळे ठेवण्याची साधी गोष्ट फार उशिरा केली, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

गर्दीच्या वेळी लोकलमध्ये सॅक पोटाशी धरावी लागते आणि समोरून रेटा येतो. लॅपटॉपच्याच कप्प्यात चार्जर असेल तर त्याचा उंचवटा झाकणावर दाबला जाऊन स्क्रीनला तडा जाऊ शकतो. लॅपटॉप सॅकच्या पाठीकडील कप्प्यात, झाकणाची बाजू आपल्या अंगाकडे येईल असा ठेवावा आणि त्या कप्प्यात दुसरे काहीही ठेवू नये.

शेवटी चष्म्याविषयी. जवळचे वाचण्याचा चष्मा साधारणपणे ४० सेंटिमीटर अंतर धरून दिला जातो; लॅपटॉपची स्क्रीन मात्र ५० ते ६० सेंटिमीटरवर असते. नेहमीच्या जागी बसून डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि तो आकडा नेत्रतज्ज्ञांना सांगावा. स्क्रीन लहान असल्यामुळे दिसत नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्यापैकी काहींची अडचण खरे तर या अंतराची असते.

प्रश्न : खोक्यावर ३५.५६ सेंटिमीटर असे लिहिलेले असते आणि दुकानदार १४ इंची म्हणतो. दोन्ही एकच का? आणि १४ इंची लॅपटॉप १४ इंची सॅकमध्ये हमखास मावतो का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही एकच आहेत, एका इंचाचे २.५४ सेंटिमीटर होतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. इंचांचा आकडा फक्त उजळणाऱ्या भागाचा असतो आणि सॅकमध्ये जाते ती संपूर्ण चौकट. स्क्रीनभोवती जाड कडा असलेला जुना लॅपटॉप आणि बारीक कडांचा नवा लॅपटॉप दोन्ही १४ इंचीच म्हणवतात, पण त्यांच्या लांबी-रुंदीत दोन-तीन सेंटिमीटरांचा फरक सहज असू शकतो. माहितीपत्रकात लांबी, रुंदी आणि जाडी स्वतंत्रपणे दिलेली असते. तेवढा पुठ्ठा कापून आपल्या सॅकमध्ये घालून पाहावा.

प्रश्न : मी सांगलीत कर सल्लागार आहे. मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांकडे दुचाकीवरून जाऊन टॅलीमधील नोंदी आणि जीएसटीची विवरणपत्रे करतो. सगळेजण १४ इंची सुटसुटीत लॅपटॉप घ्या म्हणून सुचवत आहेत. मी तो घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १४ इंची लॅपटॉपच्या कीबोर्डवर उजवीकडचा नंबरपॅड सहसा नसतो, आणि ज्याचा दिवस आकडे भरण्यात जातो त्याच्यासाठी नंबरपॅड हे हातातले अवजार आहे. वेगळा नंबरपॅड यूएसबीने जोडता येतो हे खरे. परंतु व्यापाऱ्याच्या पेढीवर वह्या, पावत्या आणि चहाचे कप यांतून लॅपटॉपपुरती जागा मिळाली तरी पुष्कळ, तेथे आणखी एक वस्तू मांडणे गैरसोयीचे होते. आपला लॅपटॉप बहुतेक वेळ दुचाकीवर असतो आणि खांद्यावरून फार तर दुकानाच्या पायरीपर्यंत जातो, त्यामुळे वजन कमी होण्याचा लाभ आपल्याला डोंबिवलीच्या वाचिकेइतका होणार नाही.

आपण १५.६ इंची किंवा १६ : १० प्रमाणाचा १६ इंची लॅपटॉप पाहावा. या दोन्हींच्या स्क्रीनची रुंदी जवळजवळ सारखीच, सुमारे ३४.५ सेंटिमीटर असते. पण १६ इंची स्क्रीन २१.५ सेंटिमीटर उंच असल्याने खतावणीच्या अधिक ओळी एका दृष्टिक्षेपात दिसतात. मोठ्या स्क्रीनचे काही लॅपटॉपही नंबरपॅडविना येतात, म्हणून कीबोर्ड प्रत्यक्ष पाहूनच पैसे द्यावेत. स्वस्तातील किंवा वापरलेल्या १५.६ इंची लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८ एवढेच पिक्सेल असतील तर तो मुळीच घेऊ नये, कारण स्क्रीन मोठी असूनही एक्सेलचे रकाने त्यावर थोडेच दिसतात. पेढ्या रस्त्याच्या बाजूला उघड्या असतात, म्हणून स्क्रीन चकचकीत नसावी आणि तिची उजळण्याची क्षमता किमान ३०० निट्स असावी. २५० निट्सची स्क्रीन घरात चालते, उघड्या दारासमोर ती फिकी पडते.

प्रश्न : माझी मुलगी लातूरहून पुण्याला स्थापत्य अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी जात आहे. वसतिगृहात राहील. दुकानदाराने ऑटोकॅडसाठी १६ इंची गेमिंग लॅपटॉपच घ्यावा लागेल असे सांगितले. आपले मत काय?
– एक पालक, लातूर

उत्तर : असे लॅपटॉप बहुधा सव्वादोन ते अडीच किलोंचे असतात, आणि त्यांचा चार्जर वेगळाच अर्धा किलो किंवा त्याहून अधिक भरतो. ऑटोकॅडमधील द्विमितीय आराखड्यांना एवढ्या सामर्थ्याची गरज पडत नाही. १६ जीबी रॅम आणि चांगला प्रोसेसर असलेला १६ : १० प्रमाणाचा १४ इंची लॅपटॉप सुरुवातीच्या वर्षांना पुरेल. मोठे आराखडे काढताना मोठी स्क्रीन लागते हे मात्र नाकारता येत नाही. त्यासाठी मधून मधून महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा वापरता येईल, आणि पुढे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वसतिगृहातील टेबलावर जागा असल्यास मॉनिटर घेता येईल. अवजड त्रिमितीय कामाचा विषय तिने निवडलाच, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड (चित्रे हाताळणारा वेगळा भाग) असलेल्या लॅपटॉपचा विचार त्या वेळी करावा.

तरीही हा निर्णय तुम्ही किंवा मी करण्यापेक्षा तिने करावा, कारण वसतिगृहापासून वर्गापर्यंत आणि वर्गापासून ग्रंथालयापर्यंत ते वजन तीच नेणार आहे. स्वयंपाकघरातील काट्यावर तीन किलो तांदूळ मोजून पिशवीत बांधावेत आणि तिच्या सॅकमध्ये वह्या-पुस्तकांबरोबर ठेवून तिला चार दिवस बाहेर ये-जा करू द्यावी. नंतरचे चार दिवस दीड किलोची पिशवी ठेवावी. त्यानंतर तिला घेऊन दुकानात जावे, आणि दोन्ही लॅपटॉपवर एकच आराखडा उघडून अर्धा-अर्धा तास तिला बसू द्यावे. दुकानदार एवढा वेळ बसू देत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.