केसांच्या तपासणीवरून औषध?

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा, स्वमग्न आहे. केसांच्या तपासणीत झिंक कमी, शिसं जास्त आलं. रोज २० मिलिग्रॅम झिंक आणि शिसं काढण्याचं औषध सुचवलंय. सुरू करू का?

उत्तर : नको. शाम्पू, धूळ, तेल यांनीही केसांतले आकडे बदलतात. शिशाची शंका असेल तर शिरेतलं रक्त तपासा. बोट टोचून घेतलं तर त्वचेवरच्या धुळीनंच आकडा फुगतो. शिसं बाहेर काढणारी औषधं रक्तातलं शिसं साधारण ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्यापुढे असेल तरच देतात, तीही रुग्णालयाच्या देखरेखीखाली. स्वमग्नता त्यांनी जात नाही. चुकीचं औषध गेलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून जीवावर बेततं.

झिंकचं म्हणाल, तर या वयात अन्न आणि औषध मिळून १२ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. जास्त झिंक महिनोन्‌महिने दिलं की आतड्यात तांबं शोषलं जात नाही, मग रक्तक्षय होतो आणि पांढऱ्या पेशीही घटतात.

खरं तर आधी लोह पाहा, त्याकडेच दुर्लक्ष होतं. मूल दूध-बिस्किटं, पांढरा भात एवढंच खात असेल, झोपेत पाय झाडत असेल, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करा. सोबत सीआरपीही (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) हवं, कारण तापात फेरिटिन उगाच चढतं.