नुसतं ॲव्हरेज बघू नकोस रे

अरे भावा, बेसबॉलमध्ये नवीन आहेस म्हणून सांगतो, बॅटिंग ॲव्हरेज (हिट मारून बेसवर पोचायचं प्रमाण, क्रिकेटसारखं नाही) बघून हिटर ठरवू नकोस, त्यात वॉक (पिचरचे चार बॉल स्ट्राइक झोनबाहेर गेले की फुकट मिळणारा पहिला बेस) धरतच नाहीत, आणि बेसवर जायला वॉक पण तेवढाच कामाचा ना! ऑन-बेस पर्सेंटेज बघ, म्हणजे बॅटर किती वेळा बेसवर पोचतो त्याचं प्रमाण, त्यात हिट, वॉक, अंगावर बॉल लागून मिळालेला बेस सगळं येतं, फक्त फिल्डरच्या एररवर पोचलास तर ते नाही धरत. जुना स्टार बॅटर टेड विल्यम्सचं करिअरचं .४८२ आहे, म्हणजे शंभरातून साधारण ४८ वेळा बेसवर, अजून कोणी मोडलं नाही. बॅरी बॉन्ड्स या हिटरचं २००४ चं .६०९, २३२ वॉक, त्यातले १२० तर पिचरने मुद्दाम दिलेले (घाबरायचेच त्याला). त्याच वर्षी जपानी बॅटर इचिरो सुझुकीचे २६२ हिट्स, एका सीझनचा रेकॉर्डच, पण वॉक फक्त ४९, म्हणून .४१४ वरच थांबला.