विमानाच्या बेअरिंगला प्रमाणपत्र कशाचे?

प्रश्न : भोसरीत आमचे ग्राइंडिंगचे लहान वर्कशॉप आहे. एएस ९१०० मिळवले, तर लष्करी विमानांच्या बेअरिंगसाठी रिंगा पुरवता येतील का?

उत्तर : एवढ्यावर भागणार नाही. एएस ९१०० हे तुमच्या गुणवत्ता-व्यवस्थेचे प्रमाणपत्र आहे, बेअरिंगचे नव्हे. आपल्याकडे लष्करी विमानात बसणाऱ्या भागांच्या उड्डाणयोग्यतेचे काम बंगळुरूची सेमिलॅक ही संस्था पाहते, तर उत्पादनाच्या गुणवत्तेवर संरक्षण मंत्रालयाच्या डीजीएक्यूए या वैमानिक गुणवत्ता महासंचालनालयाची देखरेख असते.

कागदपत्रांत सर्वांत जपायची ती पोलादाची वंशावळ. जेट इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरील बेअरिंगसाठी बहुधा एम ५० हे निर्वातात दोनदा वितळवलेले पोलाद वापरतात, आणि त्याचा हीट नंबर, म्हणजे ते पोलाद ज्या घाणीत वितळवले तिचा क्रमांक, कच्च्या सळीपासून तयार रिंगेपर्यंत कुठेही तुटता कामा नये. तो हरवला, तर मायक्रॉनपर्यंत अचूक असलेली रिंगसुद्धा बाद करावी लागते, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते.

तुमच्या कामात खरा धोका ग्राइंडिंग बर्नचा. कूलंट कमी पडले किंवा चाक बोथट झाले, की पृष्ठभाग तापतो, पण पॉलिश केल्यावर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक आम्ल घातलेल्या नायटल द्रावणात रिंग बुडवल्यावर मात्र राखाडी पृष्ठभागावर काळपट पट्टे उमटतात. तिथे पोलाद मऊ पडलेले असते. पांढुरके डाग आणखी वाईट, कारण तो भाग पुन्हा कडक होऊन ठिसूळ झालेला असतो. अर्ज करण्याआधी ही चाचणी आपल्याच रिंगांवर करून पाहा.