'आस्तुरियास': कॉर्डपाशी लय का तुटते?

'आस्तुरियास' पियानोवर वाजवताना तुमच्या तक्रारी दोन: गिटारवर स्वच्छ ऐकू येणारी सुरुवात पियानोवर गढूळ होते, आणि मोठे कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) आले की लय तुटते. आधी गढूळपणाचं बघू.

हा तुकडा मुळात पियानोचाच. स्पॅनिश संगीतकार इसाक अल्बेनिथने १८९० च्या दशकात तो नुसता 'प्रेल्यूड' म्हणून लिहिला. अल्बेनिथ १९०९ मध्ये गेला; 'आस्तुरियास' हे नाव त्यानंतर प्रकाशकाने चिकटवलं. संगीत स्पेनच्या उत्तरेकडच्या आस्तुरियास प्रांताचं नाहीच, दक्षिणेकडच्या आंदालुसियाच्या फ्लामेंकोचं, म्हणजे तिथल्या गाण्या-नाचाच्या परंपरेचं आहे. तिथला गिटारवादक अंगठ्याने चाल वाजवतो आणि बोटांनी एकच स्वर छेडत राहतो. इथे अंगठ्याचं काम डाव्या हाताकडे आणि छेडण्याचं उजव्याकडे, तो सारखा येणारा डी हा स्वर. बहुतेकांचा उजवा हात नकळत जोरात पडतो आणि चाल त्याखाली दबते. म्हणून डावा ठळक, उजवा कुजबुजल्यासारखा, आणि पेडलवरून पाय काढून ठेवा. आठवडाभर डाव्या हाताची चाल एकटीच वाजवा. ती गाणं म्हणून उभी राहिली की मगच डी जोडा. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ६० वर, एका मात्रेत चार स्वर. दोन्ही हात खेटून असतात, तेव्हा उजवा थोडा आत, काळ्या पट्ट्यांच्या बाजूला ठेवला की बोटं अडकत नाहीत.

आता कॉर्ड. दोन्ही हात एकदम बाहेर उडी घेतात आणि लगेच मधल्या जागी परततात. लय बहुतेक वेळा परतीत तुटते, कारण जोर लावून झाल्यावर मनगट क्षणभर कॉर्डवरच रेंगाळतं. शिवाय उडीच्या घाईत त्याआधीचा शेवटचा डी गिळला जातो. म्हणून तुकडा इतकाच घ्या: कॉर्डआधीचे तीन स्वर, कॉर्ड, नंतरचे तीन स्वर. कॉर्ड वाजताच हात झटकन परत नेऊन पट्ट्यांना नुसता स्पर्श करून थांबा, वाजवू नका. जागा बिनचूक सापडली की मग वाजवा. हात उंच कमानीतून नको, पट्ट्यांना लागूनच सरकवा. नजर डाव्या हाताच्या खालच्या टोकावर ठेवा, उजव्याचं अंतर हाताला पाठ होऊ द्या. पेडल फक्त कॉर्डपुरतं, परतताना सोडायचं. मेट्रोनोम चार-चारने वाढवा. ८४ ला एकही कॉर्ड चुकत असेल तर ८८ ला जाऊ नका.

मधला संथ भाग मात्र मेट्रोनोमवर बसवू नका. ती कोप्ला आहे, गायकाची मोकळी ओळ, दोन्ही हातांत तोच स्वर दोन सप्तकांच्या अंतराने. डी ला सा धरून गाऊन बघा: रे, ध, नी कोमल, गंधार कधी कोमल कधी शुद्ध. शुद्ध गंधाराच्या जागी बसंत मुखारी राग ओळखू येईल आणि कुठे श्वास घ्यायचा ते आपोआप कळेल.

उड्या अजून जड जात असतील तर काही महिने दुसऱ्या स्पॅनिश संगीतकाराचं, ग्रानादोसचं, पाचवं स्पॅनिश नृत्य, 'आंदालुसा', घ्या. त्यातही डाव्या हातात गिटारच आहे, पण हातांना उसंत मिळते.